काचाचा वण आणि तळपायाचा डाग



त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा आजार, असा आपला समज आहे. त्यात तथ्य आहे. आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य सूर्याचे अतिनील किरण बरेचसे अडविते. म्हणून हा रोग आपल्याकडे पुष्कळ कमी आढळतो. परंतु तो येथे उन्हाखेरीज अन्य वाटांनीही येतो.

काश्मिरात हिवाळ्यात फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगतात. तिच्या धगीने पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ मध्ये केले. १९४५ मध्ये मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी एका सहकाऱ्यासह धोतराच्या काचाने कमरेवर होणारा कर्करोग नोंदविला. पुढे तोच प्रकार साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही दिसला. परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी काचते; कातडी काळवंडते, सोलते, भरते व पुन्हा सोलते. या अखंड डागडुजीत एखादी पेशी ताळतंत्र सोडते. भाजल्याचा जुना वण किंवा पायावरचा न भरणारा व्रण यांतूनही हेच घडू शकते.

प्रतिबंध साधा आहे. नाडी रुंद व सैल असावी, बांधण्याची जागा बदलावी. शेतात राबणाऱ्यांनी डोके व हात झाकावेत. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांनी तर उन्हाला कटाक्षाने जपावे.

महिनाभरात न भरणारी जखम, कडा जाड होऊन रक्ताळणारा वण, तसेच तळहात, तळपाय वा नखाखाली वाढणारा, वेड्यावाकड्या कडांचा काळा डाग डॉक्टरांना दाखवावा. या काळ्या डागाला ऊन लागावेच असे नाही. गायक बॉब मार्ले यांचा १९८१ मध्ये ज्या कर्करोगाने मृत्यू झाला, त्याची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती.

माझ्या अनुभवात दोन गोष्टी घात करतात. पहिली लाज : कमरेची जखम स्त्रिया कुणाला दाखवीत नाहीत. दुसरी भीती : ‘सुरी लागली की रोग पसरतो.’ ही समजूत निराधार आहे. तपासणीसाठी तुकडा काढल्याने रोग पसरत नाही; लेप लावीत घालविलेल्या महिन्यांत मात्र तो जांघेतील गाठींपर्यंत पोहोचतो. वेळीच आलेल्या रुग्णाचे बहुधा लहानशा शस्त्रक्रियेवर भागते.

म्हणून आपणांस एकच विनंती. घरी गेल्यावर आईला कमरेच्या काचाविषयी विचारा आणि वडिलांचे तळपाय एकदा उजेडात पाहा.