पाळीत जास्त जातं म्हणजे किती?

रेवस असो, मुरूड असो की श्रीवर्धन, पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, आणि त्यात पाळीचा दुसरा दिवस. बदलायला जागा कुठे? मग दोन-दोन घड्या लावून निघतो. "माझ्या आईलाही असंच जायचं," म्हणतो आणि अंगावर काढतो.

पण जास्त म्हणजे किती? मापानं 80 मिलीच्या वर. आता ते मोजणार कोण! त्यापेक्षा हे बघा: घडी किंवा पॅड तासा-दोन तासांत भिजतं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात, रात्री उठून बदलावं लागतं, पाळी सात दिवसांपुढे जाते. यातलं काहीही दर महिन्याला होत असेल तर ते जास्तच. गर्भाशयात गाठ असेल, थायरॉईड असेल, तांबीमुळेही असेल.

रक्ताबरोबर लोहही जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या 100 पैकी 54 बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. चढणीला धाप लागते ती दर वेळी वयामुळे नसते. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. 12 च्या खाली म्हणजे कमी. लोहाची गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि पिशवी काढणं हा पहिला उपाय नव्हे. गोळ्यांनी पुष्कळदा भागतं, डॉक्टरांना तसं विचारा.

दर तासाला घडी भिजतेय असं दोन तास चाललं, चक्कर आली, किंवा दिवस राहिलेले असताना रक्त जाऊ लागलं, तर लगेच दवाखाना गाठा. शेवटची एसटी गेली असेल तर 108 ला फोन करा. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर नुसता डाग दिसला तरी त्याच आठवड्यात तपासून घ्या.