शिक्षा संपली, आता बंदुकीचे काय?

लेखमाला : कायदा गावाच्या वेशीवर – भाग ९

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर परसोपंतच्या शिवारात सोयाबीन, कापूस आणि तूर अंगाला लागली की रानडुकरे आणि रोही यांचा रात्रीचा फेरा सुरू होतो आणि शेतकऱ्याची जागलही. जागलीला जाणाऱ्या एखाद्या घरात आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक असते, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. समजा, अशा घरातल्या कुणाचा धुऱ्यावरून वाद झाला. काठ्या निघाल्या, गुन्हा दाखल झाला, खटला चालला, शिक्षा लागली आणि भोगूनही झाली. आता त्याला बंदूक परत मिळेल का? परवाना मिळतो कसा, हे गेल्या आठवड्यात पाहिले. तो गेल्यावर पुढे काय, हे आज पाहू.

थोडक्यात उत्तर असे की मिळू शकते, पण हक्क म्हणून नव्हे. शिक्षेनंतर ठरावीक काळ गेला की माणूस पुन्हा परवाना मागायला पात्र होतो. द्यायचा की नाही हे मात्र सरकार नव्याने ठरवते.

मुळात हक्क नाहीच

मार्च १९३१ मध्ये कराचीच्या काँग्रेस अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. ब्रिटिशांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केल्याचा राग त्यामागे होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हाच मुद्दा हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती म्हणून मांडला. कामत निवडून आले होते मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, म्हणजे यवतमाळ जिल्हा तेव्हा ज्या प्रांतात होता तिथूनच. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि दुरुस्ती स्वीकारली गेली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात हेच सांगितले, की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क भारतात कुणालाच नाही.

अमेरिकेत तो राज्यघटनेतला हक्क आहे, म्हणून गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस तो गमावतो आणि परत मिळवायला झगडतो. आपल्याकडे शस्त्र म्हणजे परवानगी. गमावण्यासारखी असते ती पात्रता.

कलम ९ चा अडसर

शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ९ तीन प्रकारच्या माणसांना बंदूक घ्यायला आणि बाळगायला मनाई करते. एक, २१ वर्षांखालील. दोन, हिंसा किंवा नैतिक अधःपतन असलेल्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेला माणूस. शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे. तीन, शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र द्यायचा आदेश ज्याच्यावर झाला आहे तो. बंधपत्राची मुदत असेपर्यंत. गावात ज्याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात ती हीच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ आणि ११० खाली चालणारी ही कारवाई १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ आणि १२९ खाली चालते. नुसती नोटीस आली म्हणजे मनाई लागू झाली असे नाही. बंधपत्राचा आदेश व्हावा लागतो.

दुसऱ्या प्रकारातला प्रत्येक शब्द तपासून घ्यावा. सहा महिन्यांपेक्षा कमी कैद झालेल्याला पूर्वी ही मनाई लागत नसे. १९८३ च्या दुरुस्तीने ती सूट गेली आणि कितीही दिवसांची कैद पुरेशी ठरली. नुसता दंड झाला असेल तर कलम ९ चा अडसर येत नाही. पण ‘कोर्ट उठेपर्यंत’ची शिक्षा अनेकांना शिक्षाच वाटत नाही. गुन्हा कबूल करायचा, संध्याकाळपर्यंत बसायचे, दंड भरायचा आणि घरी जायचे. निकालपत्रात मात्र ती साधी कैद म्हणून लिहिली जाते, म्हणजे कलम ९ चा अडसर येऊ शकतो; कबुलीआधी हा हिशेब वकिलाकडून समजून घ्यावा.

पाच वर्षे कुठून मोजायची?

निकालाच्या तारखेपासून नव्हे, शिक्षा संपल्याच्या तारखेपासून. अभिनेता संजय दत्तचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल जुलै २००७ मध्ये टाडा न्यायालयाने त्याला सहा वर्षांची शिक्षा दिली, मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी तो येरवड्यातून सुटला. कलम ९ चा काळ लावायचाच झाला तर मोजणी २०१६ पासून होईल, २००७ किंवा २०१३ पासून नाही.

अपील दाखल झाले, शिक्षा स्थगित झाली, जामीन मिळाला. यालाच बरेच जण ‘सुटलो’ म्हणतात. दोष तसाच कायम असतो आणि शिक्षा भोगायची बाकी असते, म्हणून पाच वर्षांची मोजणी सुरूच झालेली नसते. अपील दहा वर्षे रेंगाळले, तर पाच वर्षांचा काळ त्याच्याही पुढे जातो.

अडसर आधीच उठण्याच्या वाटा

पहिली वाट निर्दोष सुटण्याची. अपिलात दोषसिद्धीच रद्द झाली तर कलम ९ चा प्रश्नच उरत नाही. शस्त्र अधिनियमाखालच्या गुन्ह्यात शिक्षा देताना न्यायालयाने परवाना रद्द केला असेल, तर दोषसिद्धी रद्द होताच तो आदेशही कलम १७(७) नुसार आपोआप निष्फळ ठरतो. परवाना जिल्हाधिकाऱ्यांनी वेगळ्या आदेशाने रद्द केला असेल, तर मात्र त्या आदेशाविरुद्ध स्वतंत्रपणे दाद मागावी लागते.

दुसरी वाट परिवीक्षेची. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ३ किंवा ४ खाली न्यायालयाने आरोपीला ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले, तर कलम १२ नुसार दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता त्याला लागत नाही. गुन्ह्याची नोंद पुसली जात नाही; अपात्रता तेवढी जाते. संजय दत्तने हीच सवलत मागितली होती. ती टाडा न्यायालयाने नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयानेही.

तिसरी वाट क्षमेची, राज्यपालांच्या अनुच्छेद १६१ च्या अधिकाराची. १९५९ मध्ये मुंबईत नौदलाच्या रिव्हॉल्व्हरने खून करणाऱ्या कमांडर नानावटींची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना क्षमा दिली. अशी क्षमा विरळा. तुरुंगातल्या चांगल्या वागणुकीमुळे मिळणारी सूट ही क्षमा नव्हे. तिने शिक्षेचे दिवस कमी होतात, दोष तसाच राहतो.

पाच वर्षे सरल्यावर

कलम ९ चा अडसर उठला की कलम १४ समोर येते. अर्जदार कोणत्याही कारणाने परवान्यास अयोग्य वाटला, किंवा सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेसाठी नकार आवश्यक वाटला, तर जिल्हाधिकारी परवाना नाकारू शकतात. नेरच्या माणसाचा अर्ज यवतमाळला जातो, आणि तिथून चौकशी पुन्हा नेरच्याच पोलीस ठाण्यात येते. ज्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला, तेच ठाणे अर्जदाराचे आजचे वर्तन कसे आहे ते सांगणार. म्हणून त्या पाच वर्षांत दुसरा गुन्हा नसणे, धुऱ्याचा वाद मोजणी करून किंवा तडजोडीने मिटलेला असणे आणि त्याचा कागद हाती असणे, याला फार वजन आहे.

अर्जात जुनी शिक्षा लपवू नये. महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेला परवाना कलम १७ खाली रद्द करता येतो. नकार मिळाला तर कारणे लेखी मागावीत. सार्वजनिक हिताला बाधा येते असे जिल्हाधिकाऱ्यांना वाटले तरच कारणे रोखता येतात. कलम १८ खाली अपिलाची मुदत तीस दिवसांची. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा दरवाजा आहेच. आणि परवाना मिळाला तरी निवडणूक आली की छाननी समितीच्या यादीत गुन्ह्याचा इतिहास असलेले परवानाधारक आधी येतात. तेव्हा शस्त्र जमा करण्याची तयारी ठेवावी.

मधल्या काळात बंदूक कुठे?

घरात नाही, भावाच्या घरातही नाही. बाळगणे बेकायदा झाले की कलम २१ नुसार ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. ‘भिंतीवर लटकलेली आहे, कोण वापरतो’ हा बचाव चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान दोन वर्षांची कैद आहे. जमा केलेली बंदूक ताबा पुन्हा कायदेशीर झाल्यावर परत मागता येते, किंवा परवाना असलेल्याला विकता येते. नियमातली मुदत उलटू दिली तर ती सरकारजमा होते. म्हणून जमा करताना बंदुकीचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी आणि मुदतीची तारीख त्याच दिवशी विचारून ठेवावी.

पाच वर्षांनी अर्ज करणाऱ्याकडे निकालपत्राची प्रमाणित प्रत, शिक्षा संपल्याचा तुरुंगाचा दाखला, दंडाची पावती आणि बंदुकीची पावती असावी. ज्याचा खटला अजून चालू आहे त्याच्यासाठी याहून मोलाची गोष्ट आधीच येते. दोषी ठरवल्यावर न्यायाधीश शिक्षेबद्दल म्हणणे विचारतात. बहुतेक आरोपी ‘दया करा’ एवढेच म्हणतात. परिवीक्षेचा अर्ज द्यायची वेळ तीच असते. पहिलाच गुन्हा असेल आणि गुन्हा परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ मध्ये बसत असेल, तर वकिलाला तो अर्ज लेखी द्यायला सांगा.

पुढच्या आठवड्यात : परवाना हाती असला तरी रानडुकरावर गोळी झाडण्यासाठी वनविभागाची परवानगी का लागते?