अतिदक्षता विभागातील ऑक्सिजन-मापन : पल्स ऑक्सिमीटरच्या आकड्याचा अर्थ व मर्यादा

प्रस्तावना :

अतिदक्षता विभागातील रुग्ण बहुधा बोलण्याच्या स्थितीत नसतो. श्वासनलिकेत नळी घातलेली असते, गुंगीचे औषध चालू असते. रुग्णाचे स्वतःचे कथन हा रोगनिदानाचा पहिला आधार. तोच येथे उपलब्ध नसल्यामुळे त्याची जागा खाटेशेजारच्या मॉनिटरवरील आकडे घेतात. हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वसनाचा वेग आणि रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी संपृक्ततेचा आकडा कोविड-१९ च्या साथीत घराघरांत पोहोचला. तो कसा मिळतो आणि कोठे फसवू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोपनहेगन, १९५२ :

आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकू शकतो, हे अतिदक्षता विभागाच्या जन्मकथेतच दिसून येते. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. साथीच्या आरंभी अशा ३१ रुग्णांपैकी २७ रुग्ण तीन दिवसांच्या आत दगावले. प्रयोगशाळेच्या तपासणीत रक्तातील एकूण कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण फार वाढलेले आढळत होते व त्यावरून रक्त अल्कधर्मी झाले असावे, असा समज डॉक्टरांनी करून घेतला होता. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी त्याच आकड्याचा वेगळा अर्थ लावला. श्वास अपुरा पडल्यामुळे कार्बन डायऑक्साइड शरीरात साचत असून रक्त प्रत्यक्षात आम्लधर्मी झाले आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेस छेद देऊन व नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास देण्यात आला. ती वाचली. पुढे सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस पिशव्या दाबून रुग्णांना श्वास दिला आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आले. पॉल आस्ट्रूप यांच्या प्रयोगशाळेतील आम्लतेच्या मापनाने इब्सेन यांचे म्हणणे खरे ठरविले. डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच जो स्वतंत्र विभाग सुरू केला, तो आधुनिक अतिदक्षता विभागाचा आरंभ मानला जातो.

आकडा कसा मिळतो? :

त्या काळी रक्तातील वायूंची स्थिती कळण्यासाठी रक्त काढावेच लागे. टोकियो येथील निहोन कोडेन या कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी १९७२ च्या सुमारास एका वेगळ्याच कामात गुंतले होते. हृदयातून दर मिनिटास किती रक्त बाहेर पडते, हे कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून मोजण्याचा त्यांचा प्रयत्न होता. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर प्रकाशाचा संकेत हेलकावे खात असे व मापनात व्यत्यय येई. हा व्यत्यय काढून टाकण्याच्या प्रयत्नात, तोच अधिक उपयोगाचा आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. रोहिणीतील म्हणजेच धमनीतील रक्तच ठोक्यागणिक कमीजास्त होते. त्वचा, अस्थी व नीलेतील रक्त जवळजवळ स्थिर राहते. तेव्हा हेलकाव्यापुरताच विचार केला, की रोहिणीतील रक्ताची माहिती हाती येते. १९७४ साली त्यांनी ही कल्पना मांडली.

ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन व ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन प्रकाश निरनिराळ्या प्रमाणांत शोषून घेतात. उपकरण सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा आणि सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून सोडते व दोहोंच्या हेलकाव्यांचे गुणोत्तर काढते. येथवर भौतिकशास्त्र पुरते. मात्र या गुणोत्तरावरून टक्केवारी काढण्यासाठी उपकरणात आधीच साठविलेल्या एका कोष्टकाचा आधार घ्यावा लागतो. हे कोष्टक निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्याच वेळी त्यांचे रक्त तपासून तयार केलेले असते. स्वयंसेवकांची संपृक्तता ७० टक्क्यांखाली नेणे सुरक्षित नसल्यामुळे त्याखालील आकडे केवळ अनुमानाने येतात. पडद्यावरील '९४' हा आकडा असा दुसऱ्या कोणाच्या तरी रक्तावरून ठरलेला असतो. त्यात दोन-तीन टक्क्यांचा फरक असणे तर नित्याचेच.

त्वचेचा वर्ण आणि स्वयंसेवकांची निवड :

ते स्वयंसेवक कोण होते, हा प्रश्न येथेच उद्भवतो. नमुनानिवडीचा हा दोष सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकांस परिचित आहे. तो रुग्णाच्या उशाशी येऊन बसेल, अशी कल्पना मात्र सहसा केली जात नाही. १९९० साली जुब्रान व टोबिन यांनी कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचा अभ्यास करून, गोऱ्या रुग्णांसाठी ९२ टक्के ही पातळी पुरेशी असली तरी कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत ९५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवावे लागते, असे दाखवून दिले होते. हा इशारा तीस वर्षे जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील शोडिंग व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपकरण ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना रक्तातील खरी संपृक्तता ८८ टक्क्यांहून कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आढळले. चूक दुहेरी असती तर कदाचित चालले असते. परंतु ती मुख्यतः आकडा वाढवून दाखविण्याच्या दिशेने होते, म्हणजे धोका झाकते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेनुसार चाचणीसाठी किमान दहा स्वयंसेवक आणि त्यांत किमान दोन अथवा १५ टक्के गडद वर्णाचे असणे पुरेसे होते. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात ही संख्या बरीच वाढविण्याचे व सर्व वर्णछटांचा समावेश करण्याचे सुचविले गेले.

भारतातील वर्णछटा फार विविध आहेत. अमेरिकेतील वंशगटांचे आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडील शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार ९४ व त्याहून अधिक म्हणजे सौम्य, ९० ते ९३ मध्यम आणि ९० हून कमी म्हणजे तीव्र, अशी वर्गवारी होती. खाटांची टंचाई असताना रुग्णास दाखल करावयाचे की घरी ठेवावयाचे, हे पुष्कळदा या एकाच आकड्यावर ठरले. सावळ्या रुग्णाचा '९४' खरोखर ९४ होता काय, हे त्या धावपळीत विचारले जाणे कठीणच होते.

आकडा खरा, तरीही अपुरा :

समजा, उपकरण अचूक आहे. तरीही ते हिमोग्लोबिनचा किती हिस्सा ऑक्सिजनने भरला आहे, एवढेच सांगते. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. संपृक्तता ९८ टक्के असताना, १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या व्यक्तीच्या १०० मिलिलिटर रक्तात जवळजवळ २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो; ५ ग्रॅम असलेल्या स्त्रीच्या रक्तात सातही नसतो. पडद्यावर दोघांचाही आकडा तोच. पंडुरोग ज्या समाजात सर्रास आढळतो, तेथे याचा विसर पडणे परवडणारे नाही.

बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या रुग्णाचा आकडाही जवळजवळ सामान्यच दिसतो, कारण त्या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन दोन तरंगलांबींच्या या उपकरणास ऑक्सिजनयुक्त भासते. रक्तदाब कोसळून हातपाय गार पडले, तर नाडीचा हेलकावाच क्षीण होतो. नखांवरील गडद रंग व बोटांवरील गडद मेंदी यांचाही अडथळा होऊ शकतो.

याहून गंभीर बाब म्हणजे, बाहेरून ऑक्सिजन दिलेल्या रुग्णाचा श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड साचू लागला, तरी संपृक्तता बराच काळ ९८ राहू शकते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये जे घडत होते, तेच आजच्या झगझगीत पडद्याआडही घडू शकते. ते ओळखण्यासाठी उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचे मापन, श्वसनाच्या वेगाची प्रत्यक्ष मोजणी आणि रोहिणीतील रक्ताची वायुतपासणी आवश्यक ठरते.

वायुतपासणीत वेदना आहे, खर्च आहे आणि ती सतत करता येत नाही. उलट पल्स ऑक्सिमीटर क्षणोक्षणी बदल दाखवितो. म्हणून दोहोंची जोड घालावी लागते. रक्त काढताना त्याच क्षणी पडद्यावर दिसणारा आकडाही टिपून ठेवावा. पडद्यावर ९४ आणि प्रयोगशाळेत ९०, असा फरक आढळल्यास तो त्या रुग्णाच्या नोंदपत्रावर ठळकपणे लिहावा, म्हणजे रात्रपाळीच्या परिचारिकेस ९२ हा आकडा दिसताच डॉक्टरांना बोलावता येईल. हा फरक त्याच रुग्णातही कायम राहतोच, असे नाही. रक्तदाब, औषधे वा श्वसनयंत्राची मांडणी बदलल्यास रक्त पुन्हा तपासावे लागते.