शंखातला पाहुणा

गेल्या मे महिन्यात मालवणहून परतताना धाकटीने पाण्याच्या बाटलीतून एक शंखातला खेकडा आणला. शेजारच्या कन्नड आजीही 'एडी' बघायला आल्या. आम्ही त्याला बरणीत, नळाच्या पाण्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो मेला. चूक आमचीच! ओहोटीच्या डबक्यातला हा जीव समुद्राच्या खाऱ्या पाण्यातच जगतो.

जमिनीवर राहणारी जात वेगळी. तिच्या कल्ल्यांना दमट हवा लागते. ती कुणाच्या घरी असेलच, तर महागडं सामान नको. झाकणाची जुनी काचपेटी, कात टाकताना पुरून घेता येईल इतका खोल, ओलसर वाळू-कोकोपीटचा थर आणि पाण्याच्या दोन वाट्या पुरतात. एकीत क्लोरीन नसलेलं गोडं पाणी, दुसरीत मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या सागरी मिठाचं. स्वयंपाकाचं मीठ नको. सोबत थोडे मोठे रिकामे शंख ठेवावेत. रंगवलेले टाळावेत, कारण रंगाचे पोपडे खेकड्याच्या पोटात जातात.

खेकडा वाढला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो, आणि नेमके तेच आपण पिशव्या भरभरून आणतो. परवा धाकटीने शोकेसमधले शंख स्वतःहून काढून ठेवले. यंदा ते मालवणला परत जाणार आहेत.