गॅस की विजेची शेगडी?

उज्ज्वला योजनेची ८ कोटीवी गॅसजोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. गॅस आला, पण सिलिंडर संपला आणि हाती पैसा नसला की पुन्हा चूल अन् डोळ्यांत धूर! मग विजेची इंडक्शन शेगडी घ्यावी का?

आधी हिशेब करा. १४.२ किलोच्या सिलिंडरवर होणाऱ्या स्वयंपाकाला इंडक्शनवर सुमारे १५० युनिट वीज लागते. बिलातील युनिटचा दर १५० ने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहा. वापर वाढला की युनिटचा दरही चढतो, हे ध्यानात असू द्या.

इंडक्शनला सपाट बुडाचे, लोहचुंबक चिकटेल असेच भांडे लागते. ॲल्युमिनियमचे पातेले चालत नाही. भाकरी आचेवर फुगवायची तर गॅसच हवा. शिवाय ऐन स्वयंपाकात वीज गेली तर?

म्हणून भाकरी-कालवण गॅसवर करा. चहा, दूध, पाणी विजेवर तापवा. सिलिंडर जास्त दिवस पुरेल. मात्र शेगडीसाठी १६ अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग हवेच. गॅसचा वास आला तर विजेचे बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा.