अड्डू: विषुववृत्तापलीकडचा पंधरा किलोमीटरचा रस्ता

मालदीव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाण्यावरची लाकडी घरं आणि लाखाचं बिल येतं. पण मालदीव हा मुळात मुस्लिम मुलुख आहे. 1153 मध्ये तिथे इस्लाम आला आणि 1343 च्या सुमारास पोहोचलेल्या इब्न बतूतानं माले इथे काझी म्हणून काम केलं, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतं. आज या देशाच्या अगदी दक्षिण टोकाची, अड्डू बेटांची माहिती घेऊ. रिसॉर्टच्या बाहेरचा मालदीव बघायचा असेल, तर हा रस्ता चांगला.

जागा कुठे आहे?

अड्डू हे कंकणद्वीप आहे, म्हणजे समुद्रात बांगडीसारखी मांडलेली बेटं. राजधानी मालेपासून ते पाचशे किलोमीटरपेक्षा जास्त दूर आहे आणि विषुववृत्ताच्या किंचित खाली येतं. त्यामुळे दिवस आणि रात्र वर्षभर जवळपास बारा-बारा तासांचे. रमजान कोणत्याही मोसमात येऊ दे, रोजा जवळजवळ तेवढ्याच लांबीचा!

या बांगडीच्या पश्चिम बाजूची गान, फेदू, मरदू आणि हितदू ही बेटं एका रस्त्यानं जोडलेली आहेत. बेटांमधल्या उथळ पाण्यात भराव टाकून हा रस्ता झाला. लांबी पंधरा-एक किलोमीटर. गानहून निघालं की उजव्या हाताला आतलं शांत, हिरवट-निळं पाणी, तर डाव्या हाताला खुला हिंदी महासागर. गाडीनं अर्धा तासही लागत नाही, पण तशी घाई करू नये. सायकल किंवा स्कूटर भाड्यानं घ्यावी आणि थांबत थांबत जावं.

पहिला थांबा: गान

विमान इथेच उतरतं. ही धावपट्टी ब्रिटिशांची. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी इथे गुपचूप नौदलाचा तळ उभारला आणि 1957 पासून 1976 पर्यंत हवाई दलाचा तळ चालवला. त्या काळातल्या बैठ्या इमारती आणि जुनी झाडं अजून दिसतात. एक छोटं युद्धस्मारक आहे, जुन्या तोफांसह. त्यावर रॉयल इंडियन आर्टिलरीसारख्या हिंदी तुकड्यांचीही नावं आहेत. म्हणजे आपल्या उपखंडातले जवानही इथे राहून गेलेत.

पण गानवर गाव दिसत नाही. का? तळासाठी गानच्या लोकांना उठवून शेजारच्या फेदूवर नेलं आणि फेदूच्या काही लोकांना पुढे मरदूवर. त्या वस्तीचं नावच मरदू-फेदू पडलं. धरणाखाली गाव गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरा थांबा: फेदू आणि मरदू

इथे खरी वस्ती आहे. रस्त्याच्या कडेला दोरीनं विणलेल्या खुर्च्या दिसतील, त्यांना 'जोली' म्हणतात. संध्याकाळी म्हातारी माणसं त्यावर बसून गप्पा मारतात. सलाम करा, जवाब मिळेलच. एखाद्या छोट्या हॉटेलात काळा चहा आणि 'हेधिका' घ्या. हेधिका म्हणजे बहुतेक मासळी आणि खोबरं भरून तळलेले पदार्थ. सकाळी गेलात तर 'मास हुनी', म्हणजे टूना मासळी, खोवलेला नारळ, कांदा आणि मिरची, सोबत पातळ रोटी. कोकणातल्या माणसाला ही चव परकी वाटणार नाही. तसं तर आपल्या कोकणी मुस्लिमांसारखाच तिथेही पारंपरिक मसलक शाफईच आहे.

ब्रिटिश तळामुळे अड्डूत रोजगार आला, पण मालेच्या सरकारशी खटके उडू लागले. 1959 मध्ये दक्षिणेच्या बेटांनी चक्क वेगळा देश जाहीर केला. तो 1963 पर्यंत टिकला. 1976 मध्ये ब्रिटिश गेले तसा रोजगारही गेला आणि पोरं कामासाठी उत्तरेला पांगली.

तिसरा थांबा: मरदू ते हितदू

फोटोसाठी सगळ्यात सुंदर पट्टा हाच. रस्ता अरुंद, दोन्हीकडे पाणी आणि माडांच्या रांगा. असरनंतर या, मगरिबपर्यंत डावीकडे समुद्रात सूर्य बुडताना दिसतो. उजवीकडच्या पाण्याखाली 'ब्रिटिश लॉयल्टी' नावाचं तेलवाहू जहाज पडलंय. 1944 मध्ये जर्मन पाणबुडीनं त्यावर टॉर्पेडो सोडला होता. रस्त्यावरून काही दिसत नाही, पाणबुडे मात्र खाली जाऊन बघतात. अलीकडे भारताच्या आर्थिक मदतीनं अड्डूत रस्त्यांचं आणि किनारा राखण्याचं काम झालं. 2024 मध्ये इथल्या एका जोडपुलाचं उद्घाटन परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी केलं.

चौथा थांबा: हितदूचं टोक

हितदू हे अड्डूचं सगळ्यात मोठं गाव. त्याच्या उत्तर टोकाला ऐधिगली किल्ही ही पाणथळ जागा 2004 पासून संरक्षित आहे. इथे पांढराशुभ्र 'धोंधीनी' पक्षी बघायला मिळतो. मालदीवमध्ये तो फक्त अड्डूतच आढळतो. शांतपणे बघा, खडे मारू नका, मुलांनाही सांगा.

रस्त्याच्या पलीकडे: मीदूचं कब्रस्तान

हा थांबा रस्त्यावर नाही, पण चुकवू नये. परत फेदूला या आणि बोटीनं पूर्वेकडच्या हुलूमीदू बेटावर जा. बोटीची वेळ आधी विचारून ठेवा. तिथे मीदू गावात कोअगन्नू हे सुमारे 900 वर्षांचं कब्रस्तान आहे, देशातलं सगळ्यात जुनं मानलं जातं. पोवळ्याच्या दगडातले हजाराहून जास्त कोरीव कब्रशिळा तिथे उभे आहेत. टोकदार शिळा पुरुषाची, गोलसर शिळा बाईची. शेजारी त्याच दगडाच्या लहान जुन्या मशिदी आहेत.

हे कब्रस्तान समुद्राच्या अगदी काठाला आहे आणि किनारा झिजतोय. 2022 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं धोक्यातल्या वारशांच्या यादीत त्याचं नाव घेतलं. मालदीवची जमीन समुद्रापासून सरासरी जेमतेम दीड मीटर उंच. ज्यांना ब्रिटिशांच्या एका तळानं घरातून उठवलं, त्यांच्या पूर्वजांना आता समुद्र उठवू पाहतोय. या बेटांनी धूर किती सोडला असेल? आपल्या एखाद्या औद्योगिक वसाहतीएवढाही नाही. तिथे उभं राहून फातिहा पढताना हा सवाल मनात येऊ द्या.

जाण्याआधी

- भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी व्हिसा पोहोचल्यावर मोफत मिळतो. प्रवासाआधी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो.
- मालेहून गानला देशांतर्गत विमान आहे. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात.
- शुक्रवारी जुम्याची नमाज होईपर्यंत बहुतेक सगळं बंद असतं. त्या दिवशी फेरी दुपारनंतर ठेवा.
- वस्तीच्या बेटांवर दारू नाही, खाणं हलाल. कपडे अंग झाकणारे हवेत, पुरुषांचेही.
- प्लास्टिकचा कचरा तिथे टाकू नका, सोबत परत आणा. एवढ्याशा बेटावर तो टाकायला जागाच नसते.

रस्ता छोटा आहे, पण मेहमान म्हणून गेलात तर पुष्कळ काही घेऊन याल.