मानसशास्त्र घ्यावे का? पालकांसाठी काही खुलासे

बारावीच्या निकालानंतरचे आठ दिवस आमच्या कार्यालयात उसंत नसते. दाखले, सत्यप्रती, महाडीबीटीचे अर्ज यांसाठी रीघ लागते. अलीकडे या गर्दीत एक प्रश्न वारंवार कानी पडतो. एका पालकांनी तो सरळच विचारला : “जयभीम सर. पोरगी मानसशास्त्र घ्यायचं म्हणते. वेड्यांची डॉक्टर होणार का ती? अन् पोटाला काय मिळणार?” त्या दिवशी उभ्या उभ्या जे सांगता आले नाही, ते येथे मांडत आहोत.

प्रथम नावांचा घोळ दूर करू. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. एमबीबीएसनंतर तो मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो. बी. ए.ला मानसशास्त्र घेऊन त्या वाटेने जाता येत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसिक चाचण्या घेतो आणि संवादाच्या मार्गाने उपचार करतो. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण व परिषदेकडील नोंदणी लागते. पदवीच्या वर्गात मात्र ‘वेड’ हा विषयाचा एक कोपराच असतो. स्मृती, अध्ययन, बालविकास, समूहातील वर्तन आणि संख्याशास्त्र हा खरा अभ्यास. गणित नको म्हणून कला शाखेत आलेले विद्यार्थी संख्याशास्त्र पाहून दचकतात, हेही सांगून ठेवतो.

हा विषय आपल्या मुलांनी का शिकावा, याचे उत्तर आम्हांला एका प्रयोगात सापडते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी तो उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात केला आणि 2006 मध्ये तो एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तथाकथित उच्च जातींतील 321 आणि दलित समाजातील 321, अशी सहावी-सातवीची मुले घेतली. त्यांना कागदावरील भूलभुलैयाची कोडी सोडवण्यास दिली. सुटलेल्या कोड्यांनुसार पैसेही ठेवले. जातीचा उल्लेख नसताना दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक दिसला नाही. नंतर दुसऱ्या तुकड्यांत कोडी देण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव व जात सर्वांसमक्ष वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. कोडी तशीच, मुलेही त्याच कुवतीची. फक्त एक शब्द मोठ्याने उच्चारला गेला होता.

आमच्यापैकी अनेकांनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना भर वर्गात उभे राहून जात सांगितली आहे. त्या तासाला पुढे काय शिकवले, हे आम्हांला कधी आठवले नाही. त्याचे कारण आमची बुद्धी नव्हती, हे कळायला आम्हांला फार वर्षे लागली.

अमेरिकेत केनेथ व मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने असाच प्रश्न बाहुल्यांच्या साहाय्याने विचारला. रंग सोडता सर्व बाबतींत सारख्या बाहुल्या समोर ठेवल्या असता अनेक कृष्णवर्णीय बालकांनी गोरी बाहुली ‘चांगली’ ठरवली. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा संदर्भ दिला. हा प्रश्न सुचणारे त्याच समाजातून आले होते, हा योगायोग आहे असे आम्ही मानत नाही. बाबासाहेबांनीही 1936 मध्येच जातीचा प्रश्न माणसाच्या मनापर्यंत नेला होता.

आता पोटाचा प्रश्न. नुसत्या बी. ए.वर कोणी मानसशास्त्रज्ञ होत नाही. पदवीनंतर एम. ए. आणि उपचाराच्या क्षेत्रात जायचे तर त्यापुढे व्यावसायिक प्रशिक्षण. बंगळूरची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था अशा ठिकाणी जागा मोजक्या व प्रवेश परीक्षा कठीण असते. मात्र शासकीय संस्थांत आरक्षण आहे. या पदव्यांचे स्वरूप सध्या बदलत आहे, म्हणून प्रवेशाच्या वर्षीचे परिषदेचे नियम स्वतः वाचावेत. घरबसल्या पदवीच्या जाहिरातींना भुलू नये : विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत. एकूण कमाई सुरू होण्यास वयाची चोविशी-पंचविशी उजाडते. घराला तेवढा धीर नसेल तर पदवीनंतर बी. एड., समाजकार्य किंवा स्पर्धा परीक्षा या वाटा मोकळ्या राहतात.

संदर्भग्रंथ बहुतांशी इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमाच्या मुलांना पहिले वर्ष जड जाते. परंतु ठाणे, येरवडा, नागपूर वा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात येणारी आई आपले दुःख इंग्रजीत सांगत नाही. ती वऱ्हाडीत, मालवणीत बोलते आणि ते ऐकणारा कान पुस्तकातून मिळत नाही.

त्या पालकांची मुलगी आज द्वितीय वर्षात आहे. संख्याशास्त्र तिला अजूनही छळते. आमचे गणिताचे निवृत्त शिक्षक दर रविवारी सकाळी दहा वाजता ग्रंथालयात तिला व तिच्या दोन मैत्रिणींना ते शिकवतात. बाकावर आणखी जागा आहे. ज्यांना गरज असेल त्यांनी वही घेऊन यावे.